विसर्जनानंतरची आरास

महाराष्ट्रातील सार्वजनिक गणेशोत्सव आणि पर्यावरण यांच्या संबंधाची चर्चा गेली अनेक वर्षे प्रामुख्याने मूर्तीभोवती फिरत राहिली आहे. मूर्ती शाडूची असावी की प्लास्टर ऑफ पॅरिसची, तिचे विसर्जन नदीत व्हावे की कृत्रिम हौदात, तिची उंची किती असावी, हे प्रश्न न्यायालयांपर्यंत गेले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनासाठी २०१० साली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०२० साली ती सुधारली. त्यामुळे या विषयावर सामान्य नागरिकही आज बऱ्याच जाणतेपणाने बोलतो. मूर्तीच्या सभोवती जे उभे राहते त्याच्याविषयी मात्र असे म्हणता येत नाही. रस्त्यावरचा मंडप, त्याच्या अलीकडे चौकात उभारलेली कमान, कमानीपासून मंडपापर्यंत लावलेल्या दिव्यांच्या माळा, आतला देखावा, मखर, पताका, फुले आणि शुभेच्छांचे फलक या सर्वांचा समावेश या प्रकरणात ‘आरास’ या एकाच संज्ञेत केला आहे. मूर्तीपेक्षा ही आरास कितीतरी अधिक जागा व्यापते, तिला साहित्य आणि वीज अधिक लागते, आणि मूर्तीला जसा विसर्जनाचा ठरलेला विधी असतो तसा कोणताही विधी आराशीला नसल्यामुळे तिचे शेवटी काय होते याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. पुण्यातील अनेक जुन्या मंडळांची मोठी मूर्ती कायमस्वरूपी असते आणि विसर्जन केवळ छोट्या पूजेच्या मूर्तीचे होते. अशा ठिकाणी तर उत्सवातून निर्माण होणारा जवळजवळ सगळा घनकचरा आराशीचाच असतो.

आरास पर्यावरणपूरक आहे किंवा नाही हे ठरवताना ती कोणत्या पदार्थाची बनवली आहे एवढेच सहसा विचारले जाते. नैसर्गिक पदार्थ असेल तर ती चांगली आणि कृत्रिम असेल तर वाईट, अशी ढोबळ विभागणी प्रचलित आहे. ती पूर्णपणे चुकीची नाही, पण अपुरी निश्चितच आहे. एखादी वस्तू कच्च्या मालापासून तयार होताना, वाहून आणताना, वापरताना आणि टाकून देताना निसर्गावर किती भार टाकते याचा एकत्रित हिशेब मांडण्याच्या पद्धतीला जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात. या पद्धतीने पाहिले असता वस्तू किती वेळा वापरली गेली हा प्रश्न ती कशाची बनली आहे या प्रश्नाइतकाच, आणि पुष्कळदा त्याहून अधिक, महत्त्वाचा ठरतो. एकदाच वापरून फेकलेले सुती कापड आणि पंधरा वर्षे दर उत्सवात बाहेर निघणारी लोखंडी चौकट यांची तुलना केली तर निकाल वरवर वाटतो तसा लागेलच असे नाही.

या दृष्टीने सार्वजनिक उत्सवाच्या आरंभीच्या काळाकडे पाहणे उपयोगाचे आहे. पुण्यात भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ साली सार्वजनिक गणपती बसवला, १८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने उत्सवाला व्यापक रूप आले आणि त्याच वर्षी मुंबईत गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. त्या काळातील मांडव म्हणजे बांबू, वासे, काथ्याची दोरी, वर ताडपत्री आणि सभोवती कापडाची कनात असा असे. हे साहित्य मंडळाच्या मालकीचे क्वचितच असे. ते मंडपवाल्याकडून भाड्याने येई आणि उत्सव संपल्यावर त्याच्याच गोदामात परत जाई. मंडपवाल्याचे वर्षही ठरलेले होते: भाद्रपदात गणपती, आश्विनात नवरात्र, कार्तिकात तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई, पुढे गावोगावच्या जत्रा आणि रामनवमी. तोच बांबू आणि तीच झालर या सगळ्या प्रसंगांतून फिरत राही आणि फाटलेली कनात शिवून पुन्हा वापरात येई. पर्यावरणाचा विचार करून कोणी ही व्यवस्था उभारली नव्हती. साहित्य महाग आणि मजुरी स्वस्त होती एवढेच तिचे कारण होते. तरीही पुनर्वापराची इतकी सुरळीत साखळी नंतरच्या कोणत्याही शासकीय योजनेला जमलेली नाही, हे मान्य करावे लागते.

ही साखळी तुटली ती मांडवाच्या सांगाड्यात नव्हे, तर त्याच्या दर्शनी भागात. देखाव्यांची स्पर्धा वाढली, दरवर्षी नवे मंदिर, नवा राजवाडा किंवा नवा डोंगर उभा करण्याची प्रथा पडली आणि चित्रपटांच्या नेपथ्यातील तंत्रे मंडपात आली. लाकडी पट्ट्यांची चौकट, तीवर प्लायवूड किंवा गोणपाट, त्यावर काथ्या मिसळलेल्या प्लास्टरचे साच्यातून काढलेले खांब व नक्षी आणि शेवटी रंग, अशी ही रचना असते. चित्रपटाचा सेट जसा एका चित्रणासाठी असतो तसाच हा राजवाडा एका वर्षासाठी असतो आणि पुढच्या वर्षी तो पुन्हा लावणे मंडळाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. येथे भूमितीचाही एक भाग आहे. मूर्तीची उंची दुप्पट झाली की तिच्या प्रमाणात मंडपाची उंची आणि रुंदी दुप्पट करावी लागते, आणि दोन्ही दुप्पट झाल्या की मढवायचे क्षेत्रफळ चौपट होते. उंच मूर्तीच्या हौसेचा खरा खर्च म्हणूनच मूर्तीपेक्षा तिच्या भोवतालच्या आराशीत अधिक दिसतो. २०२० आणि २०२१ साली साथीच्या काळात शासनाने सार्वजनिक मूर्तीची उंची चार फुटांवर मर्यादित केली होती, तेव्हा मंडपही आपोआप आटोपशीर झाले आणि उत्सवाच्या धार्मिक अंगात त्यामुळे काही उणे पडले नाही.

या बदललेल्या आराशीत थर्माकोलने जे स्थान मिळवले ते समजून घेतल्याशिवाय पुढची चर्चा करता येत नाही. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरिन. या प्लॅस्टिकचे बारीक मणी वाफेने फुगवून एकमेकांना चिकटवले जातात आणि तयार झालेल्या ठोकळ्यात आकारमानाने पंच्याण्णव टक्क्यांहून अधिक हवाच असते. भाद्रपद हा पावसाचा महिना आहे. पुठ्ठा त्यात मऊ पडतो, प्लायवूड फुगते, प्लास्टर ओल धरते, पण थर्माकोलवर पाण्याचा परिणाम होत नाही. तापलेल्या तारेने तो लोण्यासारखा कापला जातो, त्यात जाळीदार कोरीवकाम सहज करता येते, एकटा कार्यकर्ता मोठा खांब उचलू शकतो आणि किंमतही अल्प असते. कारागिरांनी त्याचा स्वीकार केला तो अज्ञानामुळे नव्हे, तर त्यांच्या अडचणींना त्याच्याइतके चोख उत्तर दुसऱ्या कोणत्याही पदार्थाकडे नव्हते म्हणून. त्याचे दोष उत्सव संपल्यावर उघड होतात. तो कुजत नाही. चुरगळला की त्याचे मणी सुटे होऊन गटारांत आणि तेथून नदीनाल्यांत जातात. आणि ज्या हलकेपणामुळे तो हवाहवासा वाटतो त्याच हलकेपणामुळे त्याचा पुनर्चक्रीकरणाचा व्यवहार बसत नाही, कारण भरलेल्या ट्रकमध्ये माल थोडा आणि हवाच फार असते. त्यावर रंग, सरस आणि चकाकी चढवलेली असेल तर भंगारवालाही त्याला हात लावत नाही.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी काढलेल्या अधिसूचनेने इतर प्लॅस्टिक वस्तूंबरोबरच सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली आणि पहिल्या उल्लंघनासाठी ५,००० रुपये दंड ठरवला. त्या वर्षीचा गणेशोत्सव जवळ आला असल्याने थर्माकोलच्या मखरांपुरती सवलत मिळावी अशी मागणी व्यावसायिकांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे केली, ती न्यायालयाने अमान्य केली. पुढे केंद्र शासनाच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, आणि त्या यादीत सजावटीचे थर्माकोल, प्लॅस्टिकचे ध्वज आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी फलक यांचा समावेश झाला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

बंदीचा परिणाम झाला हे नाकारता येणार नाही. पांढरेशुभ्र जाळीदार मखर मोठ्या बाजारपेठांतून बरेचसे हटले. पण त्यांच्या जागी काय आले हे पाहिले तर समाधान आवरते घ्यावे लागते. पीव्हीसीचे फेसाळ फलक, ज्यांना बाजारात सनबोर्ड म्हणतात, रबरासारखे लवचिक फोमचे तक्ते, कृत्रिम धाग्यांचे चमकदार कापड आणि प्लॅस्टिकच्या फुलांच्या लांबच लांब माळा यांनी थर्माकोलची जागा घेतली. यांतील बहुतेक वस्तू केंद्राच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत नाहीत. कृत्रिम फुले त्या यादीत नव्हती, आणि रस्त्यावर दिसणारे बहुतेक फ्लेक्स १०० मायक्रॉनपेक्षा जाड असल्यामुळे त्यांना पातळ फलकांवरची बंदी लागू होत नाही. वस्तूंची यादी करून घातलेल्या बंदीची ही अंगभूत मर्यादा आहे: यादीत नसलेला पदार्थ लगेच पुढे येतो आणि एकदा वापरून टाकून देण्याची सवय मात्र जशीच्या तशी राहते. ‘थर्माकोलमुक्त’ असा फलक स्वतः फ्लेक्सवर छापून मंडपाच्या दाराशी लावलेला दिसतो, तो काही केवळ विनोदाचा विषय नाही.

याच्या उलट बाजूची चूक म्हणजे कागद, माती किंवा पाने यांपैकी काही वापरले की काम झाले असे मानणे. याचे सर्वांत बोलके उदाहरण मूर्तीच्या क्षेत्रातील आहे. प्लास्टरला पर्याय म्हणून कागदाच्या लगद्याच्या मूर्तींना प्रोत्साहन देणारा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०११ साली घेतला होता; परंतु मोठ्या प्रमाणावर कागदी लगदा पाण्यात गेल्यास पाण्याची गुणवत्ता बिघडते, असा मुद्दा माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील चाचण्यांच्या आधारे मांडला गेल्यानंतर राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने २०१६ साली त्या निर्णयाला स्थगिती दिली. लगदा पाण्यात विरतो तेव्हा त्याचे बारीक तंतू प्राणवायू वापरत कुजतात आणि छापील कागदातील शाईही पाण्यात उतरते. यावरून कागद वाईट ठरत नाही. तोच पुठ्ठा मखरासाठी वापरून उत्सवानंतर कोरडा राहिला आणि रद्दीत गेला तर त्याच्यासारखे सोपे साहित्य दुसरे नाही. नानासाहेब शेंडकर यांच्या ‘उत्सवी’ने मुंबईत पुठ्ठ्याची घडी घालता येण्याजोगी मखरे तयार करून हे दाखवून दिले आहे, अशी मखरे घडी घालून कपाटात राहतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उघडतात. म्हणजे पुठ्ठ्याचा गुण त्याच्या मऊपणात किंवा कुजण्यात नसून त्याची घडी होण्यात आहे, असे म्हणावे लागते.

गोव्यात आणि लगतच्या सिंधुदुर्गात घरगुती गणपतीवर बांधली जाणारी माटोळी हे याहून जुने उदाहरण आहे. लाकडी चौकटीला नारळ, सुपारीचे घड, आंबाडे, कवंडळे आणि रानातील हंगामी फळे टांगून ती सजवली जाते. उत्सवानंतर फळे वाटली जातात किंवा मातीत जातात आणि चौकट माळ्यावर राहते. दिवाळीचा जुना आकाशकंदीलही याच तत्त्वावर होता, कारण बांबूच्या कामट्यांचा सांगाडा जपून ठेवला जाई आणि दरवर्षी फक्त कागद नवा लागे. टिकणारा भाग आणि बदलणारा भाग वेगळे ठेवण्याची ही रीत मोठ्या मंडपालाही लागू पडते. मात्र माटोळीसाठी रानातील दुर्मिळ फळे स्पर्धेपोटी ओरबाडली जाऊ लागली तर नैसर्गिक आरासही निसर्गाला जड होते, ही सूचनाही तिच्याबरोबर लक्षात ठेवावी लागते.

सार्वजनिक मंडपाचा टिकणारा भाग म्हणजे त्याचा सांगाडा. बांबू तीन ते पाच वर्षांत तोडणीस येतो, तोडल्यावर त्याच बेटातून पुन्हा वाढतो आणि २०१७ साली भारतीय वन कायद्यातील दुरुस्तीने त्याला वृक्षाच्या व्याख्येतून वगळल्यामुळे वनक्षेत्राबाहेरील बांबूची लागवड व वाहतूक सोपी झाली आहे. कोकणातील माणगा जातीचा बांबू भरीव आणि सरळ असल्याने मांडवासाठी विशेष उपयोगी आहे. दुसरीकडे लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या जोडता येणाऱ्या चौकटी तयार करताना ऊर्जा पुष्कळ लागते, पण त्या अनेक वर्षे टिकतात आणि भाड्याने फिरतात. या दोहोंत कोणते चांगले याचा निर्णय तत्त्वाने न करता व्यवहाराने करणे योग्य. जवळ उपलब्ध असलेला आणि आधीच अस्तित्वात असलेला सांगाडा वापरणे हे नवा सांगाडा विकत घेण्यापेक्षा, मग तो कितीही हरित म्हणून विकला जात असो, जवळजवळ नेहमीच श्रेयस्कर असते.

सांगाडा रोवण्यासाठी रस्ता खणला जातो, हा आराशीचा आणखी एक दुर्लक्षित भार होय. उत्सवानंतर हे खड्डे नीट बुजवले नाहीत तर पावसात ते वाढतात आणि डांबर पुन्हा टाकावे लागते. मुंबई महापालिकेने २०२५ साली प्रत्येक खड्ड्यामागचा दंड २,००० रुपयांवरून १५,००० रुपये केला होता, मंडळांच्या विरोधानंतर तो पुन्हा २,००० रुपयांवर आणला गेला. दंडाच्या रकमेवर वाद घालण्यापेक्षा खड्ड्याशिवाय मंडप उभारण्याची तंत्रे सर्वांना उपलब्ध करून देणे अधिक फलदायी ठरले असते. वाळूने भरलेली पिंपे किंवा काँक्रीटचे जड ठोकळे पायाशी ठेवून आणि आडव्या तुळयांनी खांब एकमेकांना जखडून मध्यम आकाराचा मंडप सुरक्षित उभा करता येतो.

आगीच्या धोक्याचा मुद्दा येथे आवर्जून मांडला पाहिजे, कारण बांबू आणि सुती कापड म्हटले की अग्निसुरक्षेची शंका पुढे केली जाते. तात्पुरत्या बांधकामांच्या व मंडपांच्या अग्निसुरक्षेसाठी भारतीय मानक ८७५८ अस्तित्वात आहे आणि त्यात मंडपासाठी कृत्रिम कापड व कृत्रिम दोऱ्या वापरू नयेत असेच सांगितले आहे. कारण कृत्रिम धागे पेटले की वितळतात, जळते थेंब खाली पडतात आणि धूरही विषारी असतो. सुती कापड टाकणखार व बोरिक आम्ल यांच्या द्रावणात भिजवून वाळवले तर ते सहजासहजी पेट घेत नाही. मात्र हे मीठ पावसाने धुऊन जाते, म्हणून उघड्यावरच्या कापडावर ही प्रक्रिया पुन्हा करावी लागते. पर्यावरण आणि अग्निसुरक्षा या दोन गोष्टी येथे एकमेकींच्या आड येत नाहीत, उलट एकाच दिशेला बोट दाखवतात.

रोषणाईचा हिशेब साहित्यापेक्षा वेगळा आहे, कारण तिचा बहुतेक भार वापरातूनच पडतो. जुन्या पद्धतीच्या पार-६४ या रंगीत झोताच्या दिव्याला १,००० वॉट वीज लागते; त्याच कामासाठी वापरला जाणारा एलईडी झोत साधारण १५० ते २०० वॉटमध्ये भागतो. एखाद्या मंडळाने असे चाळीस जुने दिवे रोज सहा तास याप्रमाणे दहा रात्री चालवले असे धरले तर २,४०० युनिट वीज लागेल, आणि १६० वॉटचे तितकेच एलईडी दिवे लावले तर ३८४ युनिट. भारतातील वीजनिर्मितीत कोळशाचा वाटा मोठा असल्याने एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे एवढ्या एका बदलाने सुमारे १.४ टन वायू वाचतो. तरीही एलईडीमुळे शहराची उत्सवी वीज आपोआप कमी होईल असे समजण्याचे कारण नाही. दिवा स्वस्त झाला की दिव्यांची संख्या वाढते. जिथे चाळीस झोत होते तिथे दोनशे येतात, संपूर्ण कमान हलत्या पडद्यासारखी पेटते आणि बचत त्यातच विरून जाते. या परिणामाला अर्थशास्त्रात प्रतिक्षेप परिणाम म्हणतात. स्वस्त माळा दुरुस्त न होता फेकल्या जातात तेव्हा तो इलेक्ट्रॉनिक कचरा होतो, हेही विसरता येत नाही. वीज कोठून येते हा प्रश्नही आहेच: महावितरण सार्वजनिक उत्सव मंडळांना सवलतीच्या दराने तात्पुरती अधिकृत जोडणी देते, आणि ती घेतली तर वस्तीच्या मध्यभागी धूर आणि आवाज करणारा डिझेलचा जनरेटर फक्त राखीव म्हणून ठेवता येतो.

प्रकाशाचे स्वतःचेही प्रदूषण असते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात कीटकांची संख्या मोठी असते आणि निळसर पांढरा प्रकाश त्यांना पिवळसर प्रकाशापेक्षा अधिक खेचून घेतो. झाडांच्या बुंध्यांना आणि फांद्यांना घट्ट गुंडाळलेल्या माळा पक्ष्यांच्या विश्रांतीत अडथळा आणतातच, शिवाय त्या ठोकण्यासाठी वापरलेले खिळे झाडाच्या सालीला कायमची इजा करतात. मुंबई उच्च न्यायालयात याविषयी जनहित याचिका दाखल झाल्यानंतर २०२४ साली मुंबई महापालिकेने झाडांवरची रोषणाई उतरवण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी पुण्यात पोलिसांनी मिरवणुकीतील लेझर झोतांना मनाई केली, कारण त्याच्या आदल्या वर्षी अशा झोतांनी डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या. रोषणाई कमी म्हणजे उत्साह कमी असे समीकरण मांडले जाते. प्रत्यक्षात अंधाराची पार्श्वभूमी राहिली तरच दिव्याला शोभा येते, हे नेपथ्याचा कोणताही जाणकार सांगेल.

आराशीतील सर्वांत अवघड भाग कोणता, याचे उत्तर कमान आणि तिच्यावरचे फलक असे द्यावे लागते, कारण येथे प्रश्न साहित्याचा नसून पैशाचा आहे. वर्गणी कमी झाली आणि खर्च वाढला तसे मंडळांचे उत्पन्न कमानींवरच्या जाहिरातींतून आणि राजकीय शुभेच्छांच्या फलकांतून येऊ लागले. फ्लेक्स हे पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसीचा थर दिलेले कापड असते; ते कुजत नाही, दोन भिन्न प्लॅस्टिकांचा मिलाफ असल्याने त्याचे पुनर्चक्रीकरण कठीण होते आणि उघड्यावर जाळले तर हायड्रोजन क्लोराइडसारखा दाहक वायू आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात. अनधिकृत फलकांच्या विरोधात मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली सविस्तर निर्णय दिला असूनही उत्सवात त्यांचा पूर येतोच. जाहिरातदाराला कापडी फलक, रंगवलेली पाटी किंवा दरवर्षी तीच चौकट ठेवून बदलता येणारे नाव असे पर्याय द्यावे लागतील आणि मंडळांनी मिळून ते ठरवावे लागेल. एकट्या मंडळाने फ्लेक्स नाकारला तर जाहिरात शेजारच्या चौकात जाते, ही व्यवहारातली अडचण आहे. यातून मार्ग एखाद्या कार्यकर्त्याच्या सद्भावनेने निघणार नाही, तो परवानगीच्या अटींतूनच निघेल.

फुलांचा भाग त्या मानाने सोपा आहे. निर्माल्य वेगळे गोळा करून त्याचे खत करण्याची व्यवस्था अनेक शहरांत रूढ झाली आहे आणि झेंडू व शेवंती लवकर कुजतात. अडचण फुलांची नसून त्यांच्याबरोबर येणाऱ्या गोष्टींची असते: नायलॉनचा दोरा, जरीची फीत, माळेत मधूनमधून ओवलेले प्लॅस्टिकचे मणी. खत करणाऱ्याला हे सगळे हाताने निवडावे लागते. सुती दोऱ्यात ओवलेला हार मागितला तर फुलवाले तो देतात. मागणारा मात्र हवा.

हे सर्व विवेचन शेवटी एका तारखेपाशी येऊन थांबते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मंडप उतरवायला सुरुवात होते, कार्यकर्ते थकलेले असतात, रस्ता मोकळा करण्याची घाई असते आणि जे पटकन तुटते ते तोडून टेम्पोत भरले जाते. खिळ्यांनी ठोकलेली चौकट फोडावीच लागते. नटबोल्टने किंवा दोरीने जोडलेली सोडता येते. म्हणून आरास कशी उतरेल याचा निर्णय ती उभारण्याच्या आधी, सजावटकाराशी करार करतानाच, घ्यावा लागतो: कोणते साहित्य त्याच्या गोदामात परत जाईल, कोणते मंडळ ठेवून घेईल, कोणते शाळेला, नाट्यसंस्थेला किंवा दुसऱ्या गावच्या मंडळाला दिले जाईल आणि उरलेले कोण वेगळे करून पालिकेला सोपवील, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. शहरातील मोठ्या मंडळांचे देखावे पुढच्या वर्षी लहान गावांनी घेतल्याची उदाहरणे नवी नाहीत. तो व्यवहार ओळखीपाळखीवर न ठेवता आधी ठरवला तर साहित्याचे आयुष्य सहज दुप्पट होते. अनंत चतुर्दशी ते घटस्थापना या काळात पितृपक्षाचा सुमारे पंधरवडाच असतो. जी मंडळे दोन्ही उत्सव करतात त्यांना तेच खांब, तेच छत आणि तीच चौकट कायम ठेवून केवळ दर्शनी भाग बदलता येतो.

महाराष्ट्र शासनाने २०२२ पासून उत्कृष्ट सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांसाठी पुरस्कार स्पर्धा सुरू केली असून तिच्या निकषांत पर्यावरणपूरक सजावटीला स्थान दिले आहे, आणि २०२५ साली गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जाही मिळाला आहे. अशा स्पर्धांचे परीक्षक मंडपात येतात तेव्हा आरास पूर्ण सजलेली असते आणि तिच्या दर्शनी साहित्यावरून गुण दिले जातात. परीक्षणाची दुसरी फेरी विसर्जनानंतर आठवड्याभरात ठेवावी, मंडपाची जागा, गोदाम आणि कचऱ्याच्या पावत्या पाहाव्यात आणि निम्मे गुण त्या फेरीला द्यावेत. एवढा एक बदल करण्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही, स्पर्धेच्या पुढच्या परिपत्रकात एक ओळ घातली तरी पुरे.